दिओताल्लेवी : एका विरळ आडनावाची दुहेरी कुळकथा

इटलीतील आडनावांची संख्या साडेतीन लाखांच्या घरात आहे असे त्या शास्त्राचे अभ्यासक सांगतात, आणि सहा कोटींना थोडी कमी अशी वस्ती असलेल्या देशाच्या मानाने ही संपत्ती अफाटच म्हटली पाहिजे. मात्र सर्वच संपत्तींप्रमाणे हिचीही वाटणी विषम आहे. रोस्सी, रूस्सो, फेर्रारी, एस्पोझितो, बियांकी ही मातब्बर मंडळी आपापल्या मुलुखात घरोघर आढळतात. उलट टोकाला अशी सहस्रावधी आडनावे आहेत, की जी एखाद्या डोंगरी खोऱ्यापलीकडे कोणाच्या कानावरही आलेली नसतात. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले ‘दिओताल्लेवी’ हे आडनाव त्या दुसऱ्या टोकाकडे झुकलेले आहे. सामान्य इटालियन माणसाला ते ऐकताक्षणी कळते, पण त्याच्या ओळखीत त्या नावाचे एखादे घर असेलच असे नाही. विरळ आडनावे बहुधा दुर्बोध असतात, आणि म्हणून त्यांच्याविषयी निष्कर्ष काढताना माणूस सावध राहतो. हे आडनाव विरळ असूनही पारदर्शक आहे, आणि त्या पारदर्शकतेपायीच त्याच्या इतिहासाविषयी भल्याभल्यांची फसगत होते.

‘दिओ’ म्हणजे देव, मधला एकाक्षरी तुकडा म्हणजे ‘तुला’, आणि शेवटचे पद हे संगोपन करणे, लहानाचे मोठे करणे या अर्थाच्या क्रियापदाचे आशीर्वादार्थी रूप. तेव्हा सबंध आडनावाचा अर्थ ‘देव तुला वाढवो’ असा होतो. आपल्याकडे लग्नपत्रिकेत किंवा पत्राच्या मायन्यात मुलाच्या नावाआधी ‘चिरंजीव’ लिहिण्याची रीत आहे; तेथे आशीर्वाद नावाच्या दाराशी उभा असतो, तर मध्ययुगीन इटलीत तो दारातून आत शिरून स्वतःच नाव होऊन बसला. एक पूर्ण वाक्य, तेही देवाला कर्ता करून उच्चारलेले वाक्य, एखाद्या अर्भकाच्या कपाळी नाव म्हणून लावावे, ही कल्पना वाटते तितकी विलक्षण नाही, आणि तिची परंपराही बरीच प्राचीन आहे. पाचव्या शतकात कार्थेजच्या धर्मपीठावर ‘क्वोद्वुल्त्देउस’ नावाचा एक बिशप होऊन गेला. त्याच्या नावाचा अर्थ ‘देवाला जे हवे ते’. संत ऑगस्टिनच्या पुत्राचे नाव ‘आदेओदातुस’ म्हणजे देवाने दिलेला, आणि ६१५ ते ६१८ या काळात रोमच्या गादीवर असलेल्या एका पोपचे नाव ‘देउस्देदित’ म्हणजे देवाने दिला. लॅटिन भाषा लोकांच्या तोंडी बदलत बदलत इटालियन झाली, तेव्हा ही जुनी खोड तिच्याबरोबर आली आणि अकराव्या ते तेराव्या शतकाच्या दरम्यान तिला विशेष बहर आला.

त्या काळातील तोस्काना, उंब्रिया आणि रोमान्या या प्रदेशांची दफ्तरे चाळली तर अशा शुभशंसी नावांची रेलचेल दिसते. ‘दिओतिसाल्वी’ म्हणजे देव तुला तारो, ‘दिओतायुती’ म्हणजे देव तुला साह्य करो, ‘बोनावेन्तुरा’ म्हणजे सुदैव, ‘बेन्वेनूतो’ आणि ‘बेन्चिवेन्नी’ म्हणजे बरे झाले आलास. पिसा येथील सुप्रसिद्ध कलत्या मनोऱ्याच्या आवारातच जे वर्तुळाकार बाप्तिस्मागृह आहे, त्याचा पाया बाराव्या शतकाच्या मध्यास घातला गेला, आणि आतील एका स्तंभावर त्याच्या स्थपतीने आपले नाव कोरून ठेवले आहे. ते नाव दिओतिसाल्वी. आपल्या दिओताल्लेवीचा हा सख्खा भाऊच समजावा. ज्या चित्रकाराला जग चिमाबुए या टोपणनावाने ओळखते, त्याचे खरे नाव चेन्नी दि पेपो असे होते, आणि त्यातील ‘चेन्नी’ हा ‘बेन्चिवेन्नी’चाच घरगुती संक्षेप. ही नावे राजपुत्रांची नव्हती आणि अनाथांचीही नव्हती. कारागीर, व्यापारी, नोटरी, शेतकरी अशा साध्या घरांत, हव्याहव्याशा वाटणाऱ्या मुलांना ती ठेवली जात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

मुलाच्या नावातच त्याच्या वाढण्याची याचना का करावी लागे, हे त्या काळाच्या जन्ममृत्यूंचा विचार केल्याशिवाय उमगत नाही. चौदाव्या शतकातील फ्लोरेन्सचा बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी याने एक मोठा मनोवेधक तपशील नोंदवून ठेवला आहे. शहरातील सर्व मुलांचा बाप्तिस्मा सान जोव्हान्नीच्या एकाच मंदिरात होई. तेथील पुरोहित प्रत्येक मुलग्यामागे घेवड्याचा एक काळा दाणा आणि प्रत्येक मुलीमागे एक पांढरा दाणा बाजूला टाकीत असे, आणि वर्षअखेर त्या दाण्यांची मोजदाद करून शहराला आपली जन्मसंख्या कळत असे. व्हिल्लानीच्या सांगण्याप्रमाणे हे दाणे वर्षाला साडेपाच ते सहा हजार भरत, आणि काळे दाणे पांढऱ्यांपेक्षा तीनशे ते पाचशेंनी अधिक निघत. खानेसुमारीचे शास्त्र जन्माला येण्यापूर्वीची ही खानेसुमारी. पण त्या दाण्यांत आलेले सारेच जीव नाव सांगण्याच्या वयाला पोहोचत नसत. देवी, हगवण, ताप आणि दुष्काळ यांच्या तावडीतून सुटून जे मूल मोठे होई ते आपल्या आईबापांना खरोखरच देवाने वाढवलेले वाटे. प्रार्थना पाळण्यातच नाव होऊन बसे, ती त्यामुळे.

पुढे या नावांची चाल खुंटली. फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन भिक्षुसंघांच्या प्रभावाने संतांची नावे घरोघर शिरली. जोव्हान्नी, आंतोनियो, फ्रांचेस्को यांनी जुन्या आशीर्वादांना हळूहळू बाहेर घालवले, आणि दिओताल्लेवी हे ठेवण्याचे नाव म्हणून नाहीसेच झाले. मात्र नाहीसे होण्यापूर्वी ते एका वेगळ्या मार्गाने सुरक्षित झाले होते. ‘दिओताल्लेवीचा मुलगा’, ‘दिओताल्लेवीची मंडळी’ अशा बोलीतून ते काही घराण्यांना चिकटले आणि आजोबाचे नाव नातवंडांचे आडनाव बनले. आडनाव ही त्या वेळी सार्वत्रिक गोष्ट नव्हती. फ्लोरेन्सने करआकारणीसाठी १४२७ साली जी प्रचंड जमाबंदी करविली तीत शहरातील निम्म्याहून अधिक कुटुंबप्रमुखांनी आडनाव सांगितलेलेच नाही, आणि खेड्यांत तर ते सांगणारा क्वचितच. सर्वसामान्य रयतेच्या आडनावांना स्थैर्य आले ते ट्रेन्टच्या धर्मपरिषदेनंतर. १५६३ साली या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाच्या पुरोहितावर नोंदवह्या ठेवण्याची सक्ती केली, आणि एकदा एका पिढीचे आडनाव वहीत उतरल्यावर दुसऱ्या पिढीला ते टाळणे अवघड झाले.

दिओताल्लेवी या नावाचे सर्वांत प्रतिष्ठित घराणे आद्रियाटिक समुद्राच्या काठी असलेल्या रिमिनी नगरात नांदत होते. याच घराण्यातील फ्रांचेस्को दिओताल्लेवी हा बिशप सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोपचा वकील म्हणून पोलंडच्या दरबारी होता. कलेच्या इतिहासात हे नाव टिकले ते मात्र एका चित्रामुळे. तरुण राफाएलच्या नावे असलेले, माता मेरी, बाळ येशू आणि बाळ योहान यांचे एक छोटे चित्र या घराण्याच्या मार्क्वीसपाशी होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बर्लिनच्या संग्रहालयासाठी विकत घेण्यात आले, आणि आज त्याला ‘मादोन्ना दिओताल्लेवी’ म्हणतात. चित्राची मालकी गेली, नाव राहिले. सरदार घराण्यांच्या बाबतीत एरवी याच्या उलटच पाहायला मिळते.

येथवरची कथा एवढीच असती तर दिओताल्लेवी हे मध्ययुगीन पितृनामापासून निघालेले एक सुबोध आडनाव म्हणून कोशाच्या दोन ओळींत संपले असते. परंतु सामान्य इटालियन माणसाला या नावाचा अर्थ विचारला तर तो रिमिनीच्या मार्क्वीसचे नाव घेत नाही. तो किंचित दबलेल्या आवाजात म्हणतो, हे तर टाकलेल्या मुलांचे आडनाव. आणि तोही खोटे बोलत नसतो.

टाकलेल्या मुलांची व्यवस्था हे इटलीच्या सामाजिक इतिहासातले एक मोठे आणि वेदनामय प्रकरण आहे. ११९८ मध्ये पोपपदी आलेल्या तिसऱ्या इनोसन्टने रोममध्ये तायबर नदीच्या काठी सान्तो स्पिरितोचे रुग्णालय उभारले. कोळ्यांच्या जाळ्यांत माशांऐवजी अर्भकांची प्रेते येऊ लागल्याने पोपला ही बुद्धी झाली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. या रुग्णालयाच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसवलेले असे. बाहेरच्या बाजूने त्यात मूल ठेवायचे, घंटेची दोरी ओढायची आणि निघून जायचे. आतल्या बाजूस बसलेली बाई पिंप फिरवून मूल उचलून घेई, आणि देणारीचा चेहरा घेणारीला दिसत नसे. याला ‘रुओता’ म्हणजे चाक म्हणत. चाकाच्या मागे असलेली जाळीदार चौकट आजही त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते. रोममध्ये अशा मुलांना ‘प्रोयेत्ती’ म्हणजे टाकलेले म्हणत आणि तेच त्यांचे आडनाव होई. नेपल्समध्ये आनुन्त्सियाता या धर्मसंस्थेत दाखल होणारे मूल ‘एस्पोझितो’ म्हणजे उघड्यावर ठेवलेले ठरे, जरी रस्त्यावरचे लोक मोठ्या मायेने त्याला मादोन्नाचे लेकरू म्हणत. मिलानच्या थोरल्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर, म्हणून तेथील मुले ‘कोलोंबो’. सिएनाच्या सान्ता मारिया देल्ला स्काला येथील मुले ‘देल्ला स्काला’. संस्थेचा शिक्का मालावर मारावा तसा तो माणसांवर मारला गेला.

फ्लोरेन्सच्या ‘इन्नोचेन्ती’ या संस्थेची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण कागदपत्रांच्या बाबतीत तिच्याइतकी श्रीमंत संस्था दुसरी सापडणे कठीण. प्रातो येथील दातिनी नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या एक हजार फ्लोरिनांच्या देणगीने या कार्याला चालना मिळाली. १४१९ साली रेशीमव्यापाऱ्यांच्या संघाने जागा घेतली आणि इमारतीची आखणी फिलिप्पो ब्रुनेल्लेस्की या स्थपतीकडे सोपवली. १४४५ च्या फेब्रुवारीत, संत आगाताच्या सणाच्या दिवशी पहिली मुलगी आली. सणावरून तिचे नाव आगाता ठेवले, आणि त्याला स्मेराल्दा म्हणजे पाचू हे दुसरे नाव जोडले. पुढे आलेल्या मुलांच्या नोंदी ‘दाया आणि बालके’ या नावाच्या वह्यांत आहेत. मूल कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी आले, अंगावर कोणते कपडे होते, गळ्यात काय होते, त्याला कोणते नाव दिले, दूध पाजण्यासाठी कोणत्या गावच्या कोणत्या दाईकडे धाडले, आणि बहुतेक वेळा त्याच पानाच्या खाली, ते केव्हा वारले, असा हा मजकूर. गळ्यातल्या वस्तूला फार महत्त्व असे. आई एखादे पितळी पदक मधोमध कापून अर्धे मुलाच्या गळ्यात बांधी आणि अर्धे स्वतःपाशी ठेवी. दिवस पालटले तर उरलेला अर्धा तुकडा घेऊन यायचे, दोन तुकड्यांच्या कडा जुळल्या की ओळख पटली. अशी अर्धी पदके तेथील संग्रहालयात मांडून ठेवली आहेत. त्यांचे दुसरे अर्ध कधी आलेच नाही, म्हणून तर ती तेथे उरली. या संस्थेतील मुलांचे आडनाव ‘इन्नोचेन्ती’ किंवा ‘देल्यिन्नोचेन्ती’ म्हणजे निष्पापांचा, आणि आजही ते तोस्कानात, विशेषतः फ्लोरेन्सच्या परिसरात, एकवटलेले आहे.

या शिक्कामोर्तबाचा जाच किती होता हे हळूहळू सरकारलाही दिसू लागले. नेपल्सच्या गादीवर बसलेल्या जोआकिम म्युराने आपल्या अमदानीत ‘एस्पोझितो’ हे आडनाव नव्याने देण्यास मनाई केली. मिलानमध्येही १८२५ च्या सुमारास ‘कोलोंबो’ देणे बंद झाले. हुकूम सुटला, पण मुले येतच राहिली, आणि नवे आडनाव सुचवण्याचे काम रुग्णालयातील किंवा नगरपालिकेतील कारकुनाच्या माथी आले. मग कोणी पंचांगातील संत घेतले, कोणी महिने, फुले आणि नद्या घेतल्या, कोणी वर्षागणिक एकेक आद्याक्षर ठरवून शब्द घडवले. ज्या कारकुनांच्या अंगी थोडी भाविकता होती त्यांना जुन्या दफ्तरांतील आशीर्वाद आठवले. ‘स्पेरान्दियो’ म्हणजे देवावर भरवसा ठेवणारा, ‘व्हेन्तुरा’, आणि आपला ‘दिओताल्लेवी’. ज्याला वाढवणारे माणूस नाही त्याला देव वाढवो! पाचशे वर्षांपूर्वी मायबापांनी उच्चारलेले वाक्य आता मायबाप नसलेल्या मुलासाठी एक पगारी नोकर लिहीत होता. त्या कारकुनाच्या मनात दया होती की केवळ सोय होती, हे वहीवरून समजत नाही; मला वाटते, दोन्ही असावीत.

प्रख्यात लेखक उंबेर्तो एको यांच्या घराण्याची कथा याच जातीची. त्यांचे आजोबा टाकलेले मूल होते, आणि ‘एको’ हे आडनाव एका शहरी अधिकाऱ्याने दिलेले. ‘स्वर्गातून मिळालेला’ या अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे जोडून ते बनले असावे, असे एको सांगत असत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फूकोचा लंबक’ या कादंबरीत त्यांनी तीन मुख्य पात्रांपैकी एकाचे नाव दिओताल्लेवी ठेवले आहे. या गृहस्थाला आपण वंशाने ज्यू आहोत अशी मनापासून खात्री आहे, आणि हे नाव तर नगरपालिका टाकलेल्या पोरांना देते असे त्याचे मित्र त्याला सुनावतात. एकोंच्या विनोदाची धार अशी, की त्या पात्राचे म्हणणे अगदीच निराधार नाही. इटलीतील ज्यू घराण्यांत हिब्रू नावांचे इटालियन भाषांतर करून घेतलेली देवनामयुक्त आडनावे खरोखर आहेत. ‘ओबाद्या’चे ‘सेर्व्हादियो’ झालेले प्रसिद्धच आहे. आडनावात देव दिसला की तो कोणाचा देव, हे आडनाव सांगत नाही.

आता नकाशाकडे वळू. दिओताल्लेवी हे आडनाव आढळते ते प्रामुख्याने मध्य इटलीत : रिमिनीच्या आसपासचा रोमान्या, त्याच्या दक्षिणेचा डोंगराळ मार्के प्रांत, उंब्रिया, आणि रोमसह लात्सियो. उत्तरेत कोठे कोठे त्याचे एकाच लकाराचे ‘दिओतालेवी’ असे रूप भेटते. उत्तरेकडील बोलींना जोडव्यंजने उच्चारण्याचा कंटाळा आहे, आणि कारकून जसे ऐकू येई तसे लिहून घेत. हे चार प्रदेश जोडून पाहिले की दोन गोष्टी एकदम ध्यानात येतात. पहिली ही, की हा सारा मुलूख १८६० पर्यंत, आणि रोम तर १८७० पर्यंत, पोपच्या राज्यात होता. दुसरी ही, की इसवी सनापूर्वी २२० च्या सुमारास बांधलेला फ्लामिनिया नावाचा रोमन राजमार्ग रोमहून निघून उंब्रिया आणि मार्के ओलांडून नेमका रिमिनीलाच पोहोचतो. शतकानुशतके पुरोहित, नोटरी, मेंढपाळ आणि मजूर याच वाटेने ये-जा करीत आले. या योगायोगाला मी पुरावा म्हणणार नाही. पण एकाच धर्मसत्तेचे दफ्तर आणि एकच रस्ता असला म्हणजे एखादे आडनाव किंवा आडनाव देण्याची एखादी लकब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकणे स्वाभाविक आहे, असे मला वाटते.

नकाशावरून प्रदेश कळतो, रक्त कळत नाही. रिमिनीतले एक दिओताल्लेवी घराणे तेराव्या शतकातील कोणा लाडक्या मुलापासून चालत आलेले असू शकेल, आणि तीन गल्ल्या सोडून राहणारे दुसरे घराणे १८४० च्या सुमारास चाकातून आत आलेल्या एखाद्या मुलापासून. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो आणि नाव अक्षरशः एकच. बेवारशी मुलांची आडनावे जेथे संस्थेच्या नावावरून पडली तेथे असा घोटाळा फारसा होत नाही. दिओताल्लेवीच्या बाबतीत मात्र निवाडा करायचा तर प्रत्येक कुटुंबाची वंशावळ नोंदवह्यांतून मागे मागे नेत जावे लागते, आणि ती कोठे अडते ते पाहावे लागते. धर्मग्रामाच्या वहीत ‘अज्ञात मातापित्यांचे अपत्य’ अशी लॅटिन नोंद भेटली, किंवा १८६६ पासून सबंध देशात सुरू झालेल्या नागरी नोंदणीत बापाच्या नावाच्या जागी ‘एन. एन.’ अशी दोन अक्षरे आढळली, की वाट तेथे संपली. ‘नाव ठाऊक नाही’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरे शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत माणसाचा पिच्छा पुरवीत. सरकारी कागदांवर आईबापांची नावे लिहिण्याची जुनी पद्धत काढून टाकून हा कलंक पुसणारा कायदा झाला तो थेट १९५५ साली. चाके मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबली होती. फेर्राराने आपले चाक १८६७ मध्ये बंद केले, फ्लोरेन्स आणि नेपल्स यांनी १८७५ मध्ये.

आडनावांची मोजदाद हा विषय इटलीत थोर शास्त्रज्ञांच्या हातून वाढला. एमीदियो दे फेलीचे या भाषाशास्त्रज्ञाने १९७८ साली आडनावांचा कोश प्रसिद्ध केला, आणि पाठोपाठ १९८० मध्ये टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या हाच आधार धरून कोणते आडनाव कोठे किती आढळते याचा हिशेब मांडला. कल्पना साधीच, पण तिच्यामुळे आडनावांच्या चर्चेला अंदाजाच्या दलदलीतून बाहेर पडून पायाखाली जमीन मिळाली. २००८ साली एन्त्सो काफारेल्ली आणि कार्ला मार्कातो यांचा दोन खंडांचा कोश आला. दुसरीकडे, आंतोनियो मोरोनी हा धर्मोपदेशक आणि लुईजी लुका काव्हाल्ली-स्फोर्त्सा हा अनुवंशशास्त्रज्ञ यांनी पार्मा नदीच्या खोऱ्यातील धर्मग्रामांच्या वह्या अनेक वर्षे तपासून असे दाखवले, की डोंगरातल्या लहान गावांत तीच ती आडनावे पुन्हा पुन्हा येतात, आणि मैदानात उतरावे तसतशी ती पसरत आणि मिसळत जातात. बापाकडून मुलाकडे जाणारे आडनाव हे पुरुषवंशाच्या गुणसूत्राचीच वाट चालते, म्हणून त्यावरून लोकसंख्येचा अभ्यास करता येतो. अर्थात वाटेत चाक आडवे आले नाही तर.

विरळ आडनावांचे भवितव्य हा गणिताचाही प्रश्न आहे. फ्रान्सिस गाल्टन याने १८७३ मध्ये तो जाहीरपणे मांडला आणि वॉटसन नावाच्या धर्मोपदेशक गणितज्ञासह १८७४ मध्ये त्याचे उत्तर शोधले. उत्तरात थोडी चूक राहिली, ती पुढच्यांनी दुरुस्त केली. सार इतकेच, की एका पुरुषामागे सरासरी एकाहून अधिक मुलगे नसतील तर आडनाव आज ना उद्या नामशेष होणार, आणि अधिक असले तरी जेथे घरेच मोजकी तेथे एखाद्या पिढीत केवळ मुलीच झाल्याने वंश खुंटण्याचा धोका मोठा. इटलीत आज एका स्त्रीमागे सरासरी १.२ च्या आसपास मुले जन्मतात. रोस्सी मंडळींना याची चिंता करण्याचे कारण नाही, दिओताल्लेवींना आहे. शिवाय १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे देश सोडून गेली, त्यांत मार्केचे शेतकरी मोठ्या संख्येने अर्जेंटिनाकडे वळले आणि आपली आडनावे घेऊन गेले. देशातल्या देशात ओढ होती ती राजधानीची. १८७१ साली अडीच लाखांहून कमी वस्ती असलेले रोम आज सत्तावीस लाखांपलीकडे गेले आहे, आणि आजूबाजूच्या प्रांतांतील विरळ आडनावे तेथे येऊन साचली आहेत. मार्केच्या एखाद्या टेकडीवर संपत आलेले नाव रोमच्या उपनगरात सुखाने नांदताना आढळले तर त्याचे नवल वाटू नये.

अलीकडे एक दिलासा मिळाला आहे. २०२२ साली इटलीच्या घटना न्यायालयाने १३१ क्रमांकाच्या निकालाने बापाचेच आडनाव आपोआप लावण्याचा नियम रद्द ठरवला. आता मुलाला दोघांची आडनावे लागतात, नाहीतर दोघे मिळून एक ठरवतात. विवाहानंतरही तेथील स्त्रिया आपले माहेरचे आडनाव वापरतातच. त्या आता ते मुलांनाही देऊ शकतील, आणि गाल्टनच्या हिशेबातील निम्मी अट त्यामुळे गळून पडेल.

नव्याने दिओताल्लेवी निर्माण करण्याचा मार्ग मात्र बंद आहे. आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला नाव देण्याचे काम आजही नोंदणी अधिकाऱ्याकडेच आहे, पण २००० सालच्या नागरी नोंदणी नियमावलीतील ३४ वे कलम त्याला दोन मुख्य बंधने घालते : मुलाचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला हे सूचित करणारे आडनाव देऊ नये, आणि ऐतिहासिक महत्त्वाचे किंवा त्या ठिकाणी विशेष परिचित असलेल्या घराण्याचे आडनाव देऊ नये. रिमिनीच्या नोंदणी अधिकाऱ्याने हे कलम समोर ठेवून विचार केला, तर दिओताल्लेवी हे नाव त्याला पहिल्या बंधनाने वर्ज्य ठरेल, कारण त्यातून चाक ऐकू येते. आणि पहिले बंधन कोणी शिथिल केले तरी दुसऱ्याने वर्ज्यच राहील, कारण त्या गावात मार्क्वीस दिओताल्लेवी होऊन गेले आहेत.